खडकाच्या फटीतली पिढी



आपल्याकडे जुन्या घरांत नाव ठेवायची एक रीत होती. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं. त्यामुळे एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत उघडला की गोपाळ विनायक, मग विनायक गोपाळ, मग पुन्हा गोपाळ विनायक अशी रांगच लागलेली दिसते. वाचणाऱ्याची पंचाईत होते, कारण नुसत्या नावावरून हा कितवा गोपाळ ते कळत नाही. एकाआड एक पिढी तेच नाव.

झाडांच्या एका मोठ्या जगात हीच रीत चालते, आणि ती नावापुरती राहत नाही. तिथे मूल आईसारखं दिसतच नाही, ते आजीसारखं दिसतं. त्या मुलाचं मूल पुन्हा आपल्या आजीसारखं. मॉस, नेचे म्हणजे फर्न, आणि बी न धरणाऱ्या साऱ्याच वनस्पतींचं असं असतं. शाळेत आपण याला 'पिढ्यांचे एकांतरण' म्हणायचो. आकृती काढायची, बाण दाखवायचे, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. मीही विसरलो होतो. मी आयटीतला माणूस, वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध तेवढ्या आकृतीपुरताच. पण ब्रिटनमधल्या एका नेच्याची हकीकत वाचनात आली आणि ती आकृती पुन्हा उघडावी लागली. आज तीच हकीकत सांगायची आहे. त्याआधी थोडी ओळख करून घेऊ, नाहीतर गोष्टीतली गंमत कळणार नाही.

सुरुवात दाराबाहेरून करू. इथे घर घेतलं की ड्राइव्हवेवर, छपरावर आणि लॉनमध्ये मॉस येतंच. त्याला घालवायला आपण दर वसंतात दुकानातून पावडर आणतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आणतो. मराठीत आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण हे तळ्यातलं शेवाळ नव्हे. याला खोडासारखी काडी असते, बारीक पानं असतात. पुढच्या वेळी पावडर टाकण्याआधी एकदा गुडघ्यावर बसून नीट बघा. हिरव्या गादीतून केसांसारखे तपकिरी दांडे वर आलेले दिसतील, प्रत्येकाच्या टोकाला एक इवलीशी कुपी. बघणाऱ्याला वाटतं, हे मॉसचं फूल असावं.

ते फूल नाही, ती पुढची पिढी आहे. खालची हिरवी गादी ही आई. तिच्यावर स्त्रीबीज तयार होतं, पावसाच्या पाण्यातून पोहत आलेला पुंयुग्मक त्याला मिळतो, आणि त्या संयोगातून जे मूल जन्मतं ते म्हणजे हा दांडा आणि ही कुपी. हे मूल आईच्या डोक्यावरच उभं राहतं. आयुष्यभर तिथून हलत नाही, आणि बरंचसं अन्नपाणी तिच्याकडूनच घेतं. कुपी वाळली की उघडते आणि त्यातून धुळीसारखे बीजाणू उडतात. बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून कुपी उगवत नाही, हिरवी गादी उगवते. म्हणजे नात आजीवर गेली.

नेच्यात हाच खेळ उलटा असतो. आपण ज्याला नेचा म्हणतो, ती लांब कातरलेली पानं, ती बीजाणू देणारी पिढी. पान उलटं केलं की मागे तपकिरी ठिपके ओळीने दिसतात. पुष्कळजण ही कीड समजून औषध मारतात! त्या ठिपक्यांत बीजाणूंच्या पिशव्या असतात. (आता महाबळेश्वरला पांढऱ्या पाठीच्या नेच्याचं पान हातावर दाबून छाप उठवलेले श्रोते म्हणतील, ती पांढरी पूड म्हणजे बीजाणूच ना? नाही. तो पानाच्या पाठीवरचा मेणासारखा थर. बीजाणू बहुधा तपकिरी किंवा काळपट असतात.) बीजाणू जमिनीवर पडला की त्यातून नेचा उगवत नाही. उगवतो तो नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा, कागदाहून पातळ हिरवा पापुद्रा. तो जमिनीला चिकटून पडलेला असतो, त्याला ना खोड ना पान. त्याच्या पोटाखाली स्त्रीबीजं आणि पुंयुग्मक तयार होतात. पाण्याचा पातळ थर मिळाला की पुंयुग्मक त्यातून पोहत जातो, आणि त्या संयोगातून वर येतो तो आपला ओळखीचा नेचा. मूल आपल्या मुळांवर उभं राहिलं की पापुद्रा सुकून जातो.

थोडक्यात, मॉसमध्ये आई मोठी आणि मूल तिच्या आधाराने, तर नेच्यात आई नखाएवढी आणि मूल कंबरेएवढं. दोघांतही दोन पिढ्या आलटून पालटून. फरक इतकाच की कोणती पिढी आपल्या डोळ्यांत भरते.

पेशींच्या आत डोकावलं तर आणखी एक फरक. बीजाणू देणाऱ्या पिढीकडे गुणसूत्रांचे दोन संच असतात, युग्मक देणाऱ्या पिढीकडे एकच. माझ्या व्यवसायातल्या लोकांना हे पटकन कळेल. दोन प्रती असल्या की एकीत बिघाड झाला तरी दुसरी काम निभावून नेते, चूक झाकली जाते. एकच प्रत असेल तर चूक लगेच उघडी पडते. नखाएवढ्या पापुद्र्याला बॅकअप नसतो. जे आहे त्यावरच त्याला जगून दाखवावं लागतं.

हे सगळं आज मी पाच मिनिटांत सांगितलं, पण माणसाला ते कळायला फार वेळ लागला. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही, तरी तो जागोजागी उगवतो कसा? आपल्याकडे दुर्मीळ गोष्टीला उंबराचं फूल म्हणतात. युरोपात तशी नेच्याच्या बीची ख्याती होती. बी असलंच पाहिजे, पण दिसत नाही, तेव्हा ते अदृश्य असणार, आणि ज्याच्या खिशात ते असेल तोही अदृश्य होणार, असा समज होता. ऐन उन्हाळ्यातल्या सेंट जॉनच्या आदल्या रात्री ते गोळा करायचं म्हणे. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरच्या नाटकातला एक दरोडेखोर याच बियांच्या जोरावर फुशारकी मारतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी जमैकातल्या जॉन लिंडसे नावाच्या एका शल्यवैद्याने पानामागची ती धूळ मातीवर पेरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहिला. धुळीतून आधी हिरवे पापुद्रे आले आणि पापुद्र्यांतून नेचे. त्याचा लेख १७९४ मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या नियतकालिकात आला. बी सापडलं, असं लोकांना वाटलं. पापुद्रा म्हणजे बीतून येणारं पहिलं दल असणार, जसं वालाला किंवा मुगाला येतं तसं, अशी समजूत झाली. पुढे १८४८ मध्ये लेश्चिट्स-सुमिन्स्की या पोलिश उमरावाने त्या पापुद्र्याखालीच स्त्रीबीजाची जागा दाखवली आणि कोडं आणखी गुंतलं. लग्न त्या दलातच होतंय! मग ते दल कसलं?

गुंता सोडवला तो विल्हेल्म होफमाइस्टरने. या माणसाविषयी मला विशेष आपुलकी आहे. लायप्झिगमध्ये वडिलांचं संगीताच्या पुस्तकांचं प्रकाशन आणि दुकान होतं, हा तिथेच कामाला. कुठल्याही विद्यापीठात शिकलेला नाही. डोळे इतके अधू की वस्तू अगदी नाकाशी धरल्याशिवाय दिसायची नाही, आणि बहुधा त्यामुळेच बारीक चिरफाड त्याला साधायची. पहाटे उठायचा, दुकान उघडायच्या आधी सूक्ष्मदर्शकाला बसायचा. १८५१ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने पुस्तक काढलं. मॉस, नेचे, त्यांचे सगेसोयरे आणि थेट पाइनसारखे वृक्ष, सगळ्यांत एकच सूत्र आहे हे त्याने त्यात दाखवलं: दोन पिढ्या, आलटून पालटून. कुठे एक मोठी, कुठे दुसरी. पापुद्रा हे नेच्याचं दल नाही, बालपण नाही, ती वेगळी आणि पूर्ण पिढी आहे. डार्विनचं पुस्तक यायला अजून आठ वर्षं होती. १८६२ मध्ये रे सोसायटीने होफमाइस्टरच्या कामाचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापलं, आणि १८६३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने या पदवी नसलेल्या माणसाला प्राध्यापक केलं. मी स्वतः एमबीएचा कागद भिंतीवर लावणारा माणूस आहे, त्यामुळे हे वाचून जरा वरमलो.

गंमत म्हणजे त्याच काळात ब्रिटनमध्ये नेच्यांचं अक्षरशः वेड लागलं होतं, पण ते फक्त एका पिढीचं. त्या वेडाला कारण झाली एक बाटली. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये नथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर राहायचे. कारखान्यांच्या धुराने त्यांचे नेचे मरून जायचे. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश बघायला म्हणून ओली माती घालून एका बाटलीचं तोंड बंद केलं, आणि त्या मातीत आपोआप एक नेचा आणि गवत उगवलं. न लावता. म्हणजे मातीत बीजाणू होता, त्यातून पापुद्रा झाला असणार, आणि मग नेचा. बाटलीतली हवा ओलसर राहिली म्हणून तो जगला. यातून काचेची पेटी निघाली. त्याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने पुढे चहाची हजारो रोपं चीनहून हिमालयाच्या पायथ्याशी नेली, तेव्हा आपल्या सकाळच्या चहालाही त्या बाटलीतल्या नेच्याचे थोडे उपकार आहेत.

काचपेटी आली आणि दिवाणखान्यात नेचे आले. बायका, मुली, पाद्री, शिक्षक, सगळे टोपल्या घेऊन डोंगरात जाऊ लागले. चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ मध्ये या रोगाला 'टेरिडोमेनिया' असं नाव दिलं. भांड्यांवर, पडद्यांवर, लोखंडी बाकांवर नेच्यांची नक्षी. चहाबरोबर आपण खातो त्या कस्टर्ड क्रीम बिस्किटावरची वेलबुट्टीसुद्धा नेच्याचीच, असं म्हणतात. आणि या वेडात सर्वात जास्त मागणी होती ती किलार्नी फर्नला.

आता मूळ हकीकत.

किलार्नी फर्नचं पान ओल्या रेशमासारखं असतं. ते बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं, त्यामुळे आरपार उजेड दिसतो. सतत तुषार उडणाऱ्या धबधब्याशेजारी, गुहेच्या तोंडाशी, जिथे कधीच कोरडं होत नाही अशा जागी तो वाढतो. ब्रिटनमध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला अठराव्या शतकात, यॉर्कशरमध्ये बिंगलीजवळ. डॉक्टर रिचर्ड रिचर्डसन यांना तो सापडला. पण त्याचं खरं माहेर म्हणजे अटलांटिकचा दमट काठ: आयर्लंड, ब्रिटनी, उत्तर स्पेन, मदेरा, अझोर्स. आयर्लंडच्या किलार्नीला पर्यटक जायचे आणि तिथे लोक तो उपटून विकायचे. वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंडमधल्या ज्या थोड्या जागा होत्या त्याही संग्राहकांनी ओरबाडल्या. पुढे यॉर्कशरच्या त्या पहिल्या जागेसह कितीतरी ठिकाणांपुढे 'नामशेष' असं लिहिलं गेलं. उरल्या त्या जागा गुप्त ठेवल्या गेल्या. १९८१ च्या वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण मिळालं, युरोपच्या अधिवास निर्देशातही त्याचं नाव आलं.

इथवरची गोष्ट ओळखीची आहे. हव्यासापायी एक सुंदर वस्तू संपली. मीही हीच गोष्ट समजून वाचत होतो.

मग डोनाल्ड फॅरार येतात. हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ. अपलाचियन डोंगरांत खडकांच्या खोल कपारींत त्यांना १९६० च्या दशकात विचित्र हिरवे थर सापडले होते. ना मॉस, ना शेवाळ. ती नेच्यांची युग्मक देणारी पिढी होती, एकटीच. आसपास शेकडो मैलांत तिचे नेचे नव्हते. उष्ण प्रदेशातल्या नेच्यांचे हे नातलग, थंडीत, अंधारात, आपलं आपण वाढत होते. त्यांतल्या एकाला पुढे १९९१ मध्ये स्वतःचं नाव मिळालं, विटारिया अपलाचियाना. त्याचा पूर्ण वाढलेला नेचा निसर्गात आजवर कुणीही पाहिलेला नाही.

हे फॅरार १९८९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आले. किलार्नी फर्नची युग्मक पिढी कशी दिसते हे त्यांना ठाऊक होतं. ती नेहमीच्या हृदयाकृती पापुद्र्यासारखी नसते. ती असते फांद्या फुटलेल्या तंतूंची, भांडी घासायच्या तारेच्या चोथ्याला हिरवा रंग द्यावा तशी, जरा दाबली तर पुन्हा फुगणारी. त्यांनी टॉर्च घेऊन कपारींत बघायला सुरुवात केली. आणि ती तिथे होती. मग मँचेस्टरच्या एलिझाबेथ शेफील्ड आणि फ्रेड रम्सी यांनी त्यांच्याबरोबर काम पुढे नेलं, १९९० मध्ये पहिली नोंद छापली, आणि एकदा काय शोधायचं हे कळल्यावर हा हिरवा चोथा जागोजागी सापडू लागला. कॉर्नवॉलपासून स्कॉटलंडपर्यंत. वेल्समध्ये, लेक डिस्ट्रिक्टमध्ये, यॉर्कशरमध्ये. जिथे नेचा कधी कुणी पाहिलाच नव्हता अशा कित्येक ठिकाणी. नंतर समुद्रापलीकडे लक्झेंबर्ग, जर्मनी, चेक प्रजासत्ताक इथेही, जिथे थंडीमुळे या नेच्याची पानं तगणंच कठीण.

म्हणजे दोनशे वर्षं लोक ज्या वनस्पतीच्या मागे धावत होते ती त्यांच्या डोळ्यांसमोर, त्याच खडकांत होती. संग्राहकांनी वरची पिढी उपटून नेली, पण कपारीतल्या पिढीला कुणी हात लावला नाही, कारण तिच्यात कुणाला घेण्यासारखं काही दिसलंच नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांच्याही नजरेतून ती सुटली. होफमाइस्टरचं पुस्तक येऊन तेव्हा जवळजवळ एकशेचाळीस वर्षं झाली होती! 'ही वेगळी आणि पूर्ण पिढी आहे' हे सगळ्यांना पाठ होतं, पण नकाशावर ठिपका द्यायचा तो पानं दिसली तरच, ही सवय सुटली नव्हती.

ती जगते कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. ज्या कपारीत दुसरं हिरवं काही उगवू शकत नाही इतक्या कमी उजेडात ती भागवते. खडकाच्या पोटात तापमान फारसं खालीवर होत नाही, ओल टिकते. वाढ अतिशय हळू. तिथल्या थंडीत युग्मक जुळून नवा नेचा होणं क्वचित घडतं, पण तिचं त्यावाचून अडत नाही. तंतूचा तुकडा पडला तर त्यातून नवा गुच्छ होतो, आणि शिवाय टोकांना इवल्या कळ्यांसारखे पेशींचे पुंजके येतात, ते गळून शेजारी रुजतात. पिढ्यांची साखळी एका कडीवर थांबलेली, आणि तीच कडी स्वतःची नक्कल करत राहिलेली. या वसाहती बहुधा फार जुन्या असाव्यात, हवामान अधिक उबदार असतानाच्या, असं एक मत आहे. दुसरं मत असं की धुळीसारखे बीजाणू वाऱ्यावर दूरवर येत राहतात. दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असायला हरकत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही यातून प्रश्न उभा राहिला. संरक्षण प्रजातीला आहे, म्हणजे तो चोथाही संरक्षित. पण ज्याला 'अत्यंत दुर्मीळ' म्हणत होतो ते जागोजागी सापडल्यावर काय करायचं? तो धोक्यात नाही म्हणायचं का? माझ्या मते नाही. पानं देणाऱ्या पिढीच्या जागा आजही मोजक्याच आहेत, आणि नवे बीजाणू फक्त तीच पिढी देते. पण उलट बाजूने, एखाद्या धबधब्यावर छोटा वीजप्रकल्प बांधायचा असेल किंवा दरीतली झाडं तोडायची असतील, तर 'इथे नेचा दिसत नाही' एवढं लिहून आता भागत नाही. कपारीत टॉर्च मारून बघावं लागतं. हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या पिढीकडे कुणी बघत नव्हतं, तिच्यासाठी आता कुणीतरी गुडघ्यावर बसतं.

गेल्या ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला आम्ही लेक डिस्ट्रिक्टला गेलो होतो. पाऊस होताच. एका ओढ्याकाठच्या खडकाच्या फटीत मी मोबाइलचा टॉर्च मारला. आत हिरवं, तारेसारखं काहीतरी होतं. मी मुलीला बोलावलं. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे नुसतं मॉस आहे." असेल. पानं दिसत नव्हती, पण मी काही तज्ज्ञ नाही. हात लावायचा नाही हे माहीत होतं, म्हणून लावला नाही. तिथून गाडीपर्यंत येताना मात्र तिने मला विचारलं, "यांतला खरा फर्न कोणता? तो की हा?"

हा प्रश्न आपल्या मंडळांत दुसऱ्या रूपात ऐकू येतो. खरं मराठी कोण, तिकडून आलेले की इथे वाढलेले? मला ही उपमा ताणायची नाही, माणसं म्हणजे नेचे नव्हेत. पण मुलीच्या प्रश्नाला वनस्पतिशास्त्राकडे एक उत्तर आहे, आणि तेही इथलंच. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनशरला राइनी नावाचं खेडं आहे. १९१२ च्या सुमारास विल्यम मॅकी या डॉक्टरांना तिथल्या दगडांत जमिनीवरच्या अगदी आरंभीच्या वनस्पती सापडल्या, सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या. उन्हाळ्याच्या झऱ्यांतल्या सिलिकाने त्या पेशीन् पेशी जपल्या आहेत. आधी वाटलं, ही सगळी बीजाणू देणारी पिढी. मग १९८० पासून जर्मन संशोधक रेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच दगडांत युग्मक देणारी पिढीही सापडत गेली. ती जमिनीला चिकटलेला पापुद्रा नव्हती. तिला उभी खोडं होती, टोकाला पेल्यासारखा आकार, आत पाणी वाहणाऱ्या नळ्या. उंचीने कमी, पण बांध्याने दुसरीसारखीच. म्हणजे त्या काळी दोन्ही पिढ्या बऱ्याचशा बरोबरीच्या होत्या. पुढे मॉसने एक वाढवली, नेच्यांनी दुसरी. मुलीला मी हेच सांगितलं. तिचं समाधान झालं की नाही माहीत नाही, कारण तोवर कॅफे आला होता.

ज्यांना घरी हे बघायचं असेल त्यांच्यासाठी शेवटी थोडं. जंगलातून काही उपटू नका, आणि किलार्नीच्या तर वाटेलाही जाऊ नका. इथल्या भिंतींवर, बागांत हार्ट्स टंग नावाचा लांब पट्ट्यासारख्या पानांचा नेचा सर्रास असतो. आपल्या किंवा विचारून शेजाऱ्याच्या बागेतलं एक पान उन्हाळ्याच्या शेवटी घ्या, मागच्या रेघा तपकिरी झालेल्या हव्यात. कागदी पाकिटात दोन दिवस ठेवा, तळाशी तपकिरी धूळ पडेल. पारदर्शक झाकणाचा जेवणाचा डबा घ्या, त्यात कंपोस्ट भरा, वरून उकळतं पाणी ओता म्हणजे बुरशी आणि मॉस मरेल. गार झाल्यावर धूळ अगदी विरळ शिवरा, झाकण लावा, आणि थेट ऊन न लागणाऱ्या खिडकीत ठेवा. ज्यांना आणखी प्रकार हवेत त्यांच्यासाठी ब्रिटिश टेरिडॉलॉजिकल सोसायटी आहे, १८९१ मध्ये केंडलला सुरू झालेली. ती सभासदांना बीजाणू देते.

काही आठवड्यांनी मातीवर हिरवी साय येईल. दोन-तीन महिन्यांत भिंगातून बघितलं तर हृदयाच्या आकाराचे पापुद्रे दिसतील. तेव्हा उकळून गार केलेल्या पाण्याचा हलका फवारा मारा, पोहायला पाणी हवं ना. पहिलं पान यायला आणखी वेळ लागतो, कधी सगळा हिवाळा जातो. तोवर स्वयंपाकघर आवरताना कुणी तो डबा शेवाळ लागलं म्हणून फेकून देणार नाही, एवढी चिठ्ठी मात्र झाकणावर चिकटवा. आमचा पहिला डबा तसाच गेला.